कुसुम मानेला ओळखणारं माणूस

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्यानं इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये कधी काही फुकट वाटून पाहिलेलं नसावं. मी पाहिलं. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत एक कम्युनिटी सेंटर होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर मी कौन्सिलतर्फे, म्हणजे इथल्या नगरपालिकेतर्फे, प्रौढ माणसांना कॉम्प्युटर शिकवत असे. कोर्स फुकट, चहा फुकट, आणि ज्यावर शिकवायचं ते सॉफ्टवेअरही फुकट. तरी प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी कुणीतरी विचारायचंच, की मॅडम, यात त्यांचा काय फायदा? साड्यांच्या दुकानातले एक गुजराती काका तर तेवढंच विचारून उठून गेले. हा सगळा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार असणार, अशी त्यांची खात्री होती. पुढे मला त्यांचं तितकंसं चुकलं असं वाटेनासं झालं.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं कामाविषयी सांगते. ऑफिसात जे लागतं, म्हणजे पत्र लिहिणं, आकडे चौकटीत मांडणं, मीटिंगमध्ये भिंतीवर चार मुद्दे दाखवणं, ते सगळं करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुडग्याला ऑफिसच म्हणतात. एक विकतचं, जे सगळ्या जगात चालायचं. आणि एक फुकटचं, जे कुठले कुठले हौशी आणि हुशार लोक मिळून बनवायचे आणि वाटायचे. आमच्या वर्गातले कॉम्प्युटर कौन्सिलच्या कुठल्याशा खात्यानं टाकून दिलेले होते. त्यांच्यावर विकतचं घालणं परवडणारं नव्हतं, म्हणून फुकटचं. ते इंटरनेटवरून उतरवायला बसलं तर अर्ध्यात लाइन तुटायची. मग कॉम्प्युटरच्या मासिकाच्या कव्हरवर चिकटवलेली सीडी मिळायची, तिच्यावरून मी ते प्रत्येक मशीनवर चढवत असे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खालच्या हॉलमध्ये गरब्याची प्रॅक्टिस चालायची, तेव्हा आमचे स्क्रीन टेबलावर हलायचे. त्यातच शिकवायचं.

सीडीच्या प्रती मी घरी न्यायलाही देत असे. कोव्हेंट्रीहून येणाऱ्या एका मराठी आजींनी ती सीडी नेली, दसऱ्याला मुलाच्या नव्या कॉम्प्युटरसमोर पाटावर ठेवली, तिच्या चकचकीत बाजूला हळदकुंकू वाहिलं, आणि संध्याकाळी तशीच आत सरकवली. तो ड्राइव्ह पुन्हा उघडला नाही. मुलगा मला भांडायला आला. त्याला काय सांगणार? आयुष्यभर सुई, कात्री, विळी पुजत आलेल्या बाईनं हत्यार ओळखलं होतं हे खरं, फक्त कुंकू लावायची बाजू चुकली होती.

माझा सगळ्यात मोठा धडा 'सेव्ह अ‍ॅज'चा. फुकटच्या ऑफिसात लिहिलेलं पत्र जसंच्या तसं सेव्ह केलं, तर विकतचं ऑफिस वापरणाऱ्याला ते उघडता येत नसे. मी सांगायची, घरात तुम्ही आपल्या भाषेत बोला, पण दाराशी पोस्टमन आला की त्याच्या भाषेत बोलावं लागतं, तसंच हे आहे. सगळे माना डोलवायचे. आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी न उघडणारा अर्ज पाठवून आलेलं असायचं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते मी तिथे शिकले.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण होजिअरीच्या फॅक्टऱ्यांमधून निघालेले. मोजे, जर्सी, आतले कपडे यांवर या गावाच्या कितीतरी पिढ्या जगल्या, आणि त्या फॅक्टऱ्या एकेक करून बंद पडल्या. जॉब सेंटरमधून, म्हणजे सरकारच्या रोजगार कचेरीतून, लोकांना माझ्याकडे धाडायचे. कल्पना अशी, की ज्या बाईनं उभं आयुष्य कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर काढलं, तिला कॉम्प्युटर आला की ती ऑफिसात बसेल. कल्पना चांगली होती. बॅचमागून बॅच गेली, आणि ऑफिसात बसलेल्यांची नावं सांगायला मला फार वेळ लागणार नाही. म्हणून त्यांच्याविषयी न लिहिता जी बसू शकली असती, आणि बसली नाही, तिच्याविषयी लिहिते.

रजनी घोरपडे पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन लेस्टरला आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात एका मोज्यांच्या फॅक्टरीत लागल्या, त्या ती बंद होईपर्यंत तिथेच. नवरा शरदराव, इंजिनिअरिंगच्या कारखान्यातून त्याआधीच निवृत्त झालेले. मुलगा लग्न करून लंडनकडे. रजनीताईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शुभाताई, मला टाइमपास नको आहे. मला जॉब पाहिजे. हॉस्पिटलमध्ये क्लार्कचा. एकदा तरी खुर्चीवर बसून काम करायचंय मला."

त्यांच्यात आणि इतरांत फरक काय तो मला दहा मिनिटांत कळला. बाकीच्या बाया की-बोर्डकडे बघून एका बोटानं अक्षरं शोधत होत्या, आणि रजनीताईंची दाही बोटं न बघता पळत होती. त्या बी. कॉम. होत्या. इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा वरच्या स्पीडनं पास झालेल्या होत्या. एवढी वर्षं ती सर्टिफिकेटं ट्रंकेत होती, कारण फॅक्टरीत कुणी मागितलीच नव्हती. एकच खोड होती. टाइपरायटरवर शिकलेलं माणूस ओळ संपली की हात झटकून पुढच्या ओळीवर जातं. त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एन्टर मारायच्या, आणि मग मध्ये एक शब्द घातला की सगळं पत्र विस्कटायचं. "अहो, तो स्वतःच खाली जातो," असं मी म्हणायची. त्या म्हणायच्या, "जात असेल. पण मला विश्वास नाही बसत." तीही खोड त्यांनी मोडली.

आता त्या पहिल्या दिवसाचीच एक गोष्ट. प्रत्येकाला मी आपापला लॉगिन करून दिला होता. फुकटचं ऑफिस पहिल्यांदा उघडलं की ते आधी नाव विचारायचं. दोन रकाने, नाव आणि आडनाव. बाकीच्यांनी भराभरा लिहिलं. रजनीताई मात्र हात मांडीवर ठेवून त्या दोन रकान्यांकडे बघत बसल्या होत्या. मी दुसऱ्या टेबलाशी अडकले होते. त्यांनी नंतर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. काय लिहिलं ते मला फार पुढे कळलं. त्यांनी लिहिलं होतं कुसुम माने.

आपल्याकडे लग्नात नवरीचं आडनाव तर जातंच, पण तिचं स्वतःचं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, भोवतीच्या बायकांनी पेढे वाटायचे, आणि कालपर्यंतची मुलगी पुसून टाकायची. माझं नाव वाचलं, ते कुणाच्या पुरोगामीपणामुळे नाही. सासूबाई आणि आत्याबाईंचं नव्या नावावर एकमत झालं नाही आणि विषय राहून गेला. कुसुम बाबूराव मानेची मात्र एका संध्याकाळी रजनी शरद घोरपडे झाली. सर्टिफिकेटं कुसुमची. पासपोर्ट, घर, पगार, पेन्शन, मुलाचा जन्मदाखला, सगळं रजनीचं.

"मग तिथं कुसुम का लिहिलंत?" मी नंतर विचारलं होतं.

"टायपिंग तिला येतं ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे आपलं इथल्यापुरतं आहे. कुणाला कुठे दिसणार आहे."

दिसलं. एका हॉस्पिटलात बाह्यरुग्ण विभागात क्लार्कची जागा निघाली. टायपिंगचं सर्टिफिकेट आणि कॉम्प्युटरचं जुजबी ज्ञान, एवढंच मागितलेलं. त्या आठवड्यात मी वॉटफर्डला भाच्याच्या लग्नाला गेले होते. रजनीताईंनी वर्गात बसून, मीच शिकवलेला पत्राचा विझार्ड उघडून अर्ज केला. हा विझार्ड म्हणजे पत्राचा तयार साचा. तुम्ही मजकूर घालायचा, तारीख, पत्ता, पाठवणाऱ्याचं नाव तो आपणहून जागच्या जागी बसवतो. नाव कुठून घेतो? पहिल्या दिवशी त्या दोन रकान्यांत जे भरलं असेल तिथून. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यानं कुसुम माने असं घातलं. खाली सहीच्या जागी रजनीताईंनी नेहमीच्या सवयीनं रजनी घोरपडे असं टाइप केलं. सेव्ह अ‍ॅज बिनचूक केलं, आणि पाठवलं.

अर्ज उघडला गेला. माझ्या वर्गात ही केवढी मोठी गोष्ट होती ते वर सांगितलंच आहे. त्यांना बोलावणं आलं. टायपिंगची टेस्ट झाली, आणि ती घेणाऱ्या बाईंनी कागद वरखाली करून बघितला आणि शेजारच्या साहेबाला दाखवला. रजनीताई मला हे सांगताना हसत होत्या. मग त्या बाईंनी विचारलं, पत्राच्या वर नाव आहे ती कुसुम माने कोण?

"मी," रजनीताई म्हणाल्या.

आणि खाली सही आहे ती?

"ती पण मी."

लोक वाईट नव्हते. त्यांनी चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. पण सर्टिफिकेटं एका बाईची आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईचा. आडनाव बदललेलं त्यांना कळत होतं, तसं त्यांच्याकडेही होतं. पहिलं नाव कसं बदलेल, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. हॉस्पिटलची कामं, पेशंटचे कागद, ओळख पक्की हवी. त्यांनी सांगितलं, दोन्ही नावांनी तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाचं सॉलिसिटरसमोर केलेलं शपथपत्र आणा, जागा तोवर ठेवतो.

"एवढंच ना," मी म्हणाले. खरंच मला तेव्हा तेवढंच वाटलं.

दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस शोधायला आम्ही बसलो. आईवडील गेलेले, सासूसासरेही गेलेले. एकच भाऊ होता, तोही गेलेला. भावजय नंतरची, तिला वन्सं रजनी म्हणूनच माहीत. कॉलेजला लिहिलं असतं तर त्यांनी कुसुम माने इथं शिकत होती असं कळवलं असतं, पण तीच ही, असं ते कुठून सांगणार? "मैत्रिणी?" मी विचारलं. रजनीताईंनी बोटांवर मोजत चारपाच नावं घेतली, शकू, विमल, पुष्पा, आणि मग थांबल्या.

"शुभाताई, त्यांची पण लग्नं झाली," त्या म्हणाल्या. "त्या आता कुठल्या नावानं आहेत, मला काय माहीत? मी कुणाला शोधू?"

मला तोवर हे कधी सुचलंच नव्हतं. एकाच बाकावर बसलेल्या त्या सगळ्या मुली आपापल्या ताटातल्या तांदळात हरवल्या होत्या, आणि एकमेकींना हाक मारायलासुद्धा कुणाकडे दुसरीचं नाव उरलं नव्हतं. मला त्या दिवशी इतका राग आला की मी चहाचा कप सिंकमध्ये आपटला. राग कुणावर काढायचा ते मात्र कळेना.

उरले शरदराव. ते लगेच तयार झाले. हा माणूस सरळ होता. कारखान्यात युनियनचं काम केलेला, कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे न करणारा. दारू नाही, आवाज चढवणं नाही. "रजनीचं काम व्हायला पाहिजे," ते मला म्हणाले. "ती उगाच आयुष्यभर मोज्यांत अडकली." सॉलिसिटरकडे जायला त्यांनी सूट घातला, टाय बांधला. रजनीताईंनी मलाही सोबत नेलं.

सॉलिसिटर पंजाबी घरातली, इथंच वाढलेली तरुण मुलगी होती. समजूतदार. तिनं आधी कागद मागितले. लग्नाचं सर्टिफिकेट पुढे व्हिसासाठी काढलेलं, त्यावर रजनीच. मग रजनीताईंनी पिशवीतून जपून ठेवलेली लग्नपत्रिका काढली. तिच्यावर चि. सौ. कां. कुसुम आणि चि. शरद. मी इंग्रजीत वाचून दाखवली. मुलीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ बघितले, आणि अगदी हळू आवाजात शरदरावांना विचारलं, की पत्रिकेप्रमाणे तुमचं लग्न कुसुमशी झालं, सर्टिफिकेटप्रमाणे रजनीशी. मग कुसुम आता कुठे आहे?

रजनीताईंनी हात वर केला. शाळेत करतात तसा.

ती मुलगी हसली नाही. तिनं शरदरावांकडे वळून सांगितलं, तुमच्या शब्दावर सगळं आहे. कुसुम माने या नावानं तुम्ही यांना कधीपासून ओळखता?

शरदरावांनी टायची गाठ सैल केली. मग म्हणाले, "नाही ओळखत."

त्या मुलीला वाटलं त्यांना इंग्रजी समजलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. ते मग मराठीत बायकोकडे वळले. "रजनी, शपथेवर आहे. मी कसं सांगू?"

"बघायला आला होतात ना मला," रजनीताई म्हणाल्या. "तेव्हा कुसुमच होते की मी."

"नाव आईला माहीत होतं, पत्रिका तर मी आज पहिल्यांदा पाहतोय. मला फक्त सांगलीची मुलगी, एवढंच सांगितलं होतं. तू पोहे आणून ठेवलेस आणि आत गेलीस. आपण एक शब्द बोललो नाही. मग लग्नाच्या आदल्या दिवशी मी इथून जाऊन विमानातून उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, संध्याकाळी तू रजनी झालीस." त्यांनी पत्रिका तिच्याकडे सरकवली. "मी तुला कुसुम म्हणून एकदाही हाक मारलेली नाही. कुसुम कशी होती, विचारलं तर मला नाही सांगता येणार."

मी मध्ये पडले. म्हटलं, "शरदराव, तुमचा समज तर आहे ना, ही तीच म्हणून?"

"समज आहे," ते म्हणाले. "ओळख नाही. त्यांनी ओळख विचारली आहे."

सॉलिसिटरनं तिच्या परीनं खूप केलं. शब्द फिरवून बघितले. पण खोटं लिहायला तीही तयार नव्हती आणि तेही. शेवटी जे खरं होतं ते शरदरावांनी लिहून दिलं, की मी त्या मुलीला एकदा ओझरतं पाहिलं होतं, तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी तिला त्या नावानं कधी ओळखलं नाही. सही केली. त्या माणसाच्या खरेपणाचा मला एवढा तिटकारा पुन्हा कधी आला नाही, आणि त्यांनी काय चुकीचं केलं ते मला आजही सांगता येत नाही.

बसस्टॉपवर ते दूर जाऊन उभे राहिले. रजनीताई माझ्याशेजारी. "खोटं बोलायला पाहिजे होतं असं मी नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "पण इतक्या वर्षांत त्यांनी एकदा विचारलं असतं ना शुभाताई, आधी तू कोण होतीस, काय करायचीस, तर आज सांगता आलं असतं त्यांना." मग बस आली.

हॉस्पिटलनं ते शपथपत्र वाचून दिलगिरीचं पत्र पाठवलं. जागा दुसऱ्या कुणाला गेली. मी ओळखीच्या कौन्सिलरला फोन केले, ट्यूटर म्हणून स्वतःचं शिफारसपत्र लिहिलं. त्यात मी रजनी घोरपडेंना उत्तम टायपिंग येतं असं लिहिलं होतं. ते खरंच होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. रजनीताई वर्गात यायच्या बंद झाल्या.

पुढे कौन्सिलनं कोर्सच बंद केला. कॉम्प्युटर परत भंगारात गेले, मी रिटायर झाले. लोक मला अजून मराठी मंडळाच्या गणपतीत भेटतात आणि म्हणतात, मॅडम, तुम्ही आम्हाला सेव्ह अ‍ॅज शिकवलंत. मी हसते. वाचवलं म्हणावं असं मला तरी काही आठवत नाही.

रजनीताई मला त्यानंतर एकदाच भेटल्या. माझ्या गुडघ्याच्या तपासणीसाठी मी त्याच हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात बसले होते. काचेमागे एक मुलगी दोन बोटांनी टाइप करत होती आणि लोक ताटकळत होते. तेवढ्यात कॉरिडॉरमधून निळा अंगरखा घातलेली बाई बादलीची गाडी ढकलत आली. त्या रजनीताई होत्या. सफाईच्या कामाला कुणी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं.

मी नको तेच बोलले. म्हटलं, "अजून करू आपण काहीतरी. आता इंटरनेटवर माणसं सापडतात. तुमची एखादी मैत्रीण शोधू. कुसुमला ओळखणारं कुणीतरी असेलच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. "ज्या मुलीनं परीक्षा दिली, तिला मी तरी कुठं ओळखते आता," त्या म्हणाल्या. "परवा टीव्हीवर कुणी कुसुम म्हणून हाक मारली, तर मला वाटलं, कोण बाई?"

मग त्यांनी मॉप पिळला आणि खाली वाकल्या.

"शुभाताई, जरा पाय वर घेता?"

मी पाय वर घेतले.